कानावर न आलेली बातमी

त्या वर्षी आषाढात मी माझ्या मरणाला टेकलेल्या चुलत आजोबांवर चिडले होते. म्हातारं माणूस गावाकडे शेवटचे श्वास मोजतंय आणि इकडे नात त्याच्या नावानं बोटं मोडतेय, हे वाचायला बरं दिसत नाही, मला कळतं. पण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि त्या वर्षी त्याला कारणही तसंच होतं.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहायचो. एका बंगलीच्या मागच्या दोन खोल्या, बाजूला फाटक, फाटकाबाहेर पेरूचं झाड, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे थेट स्टेशनपर्यंत भाताची खाचरं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले होते, घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, आणि माझ्या डोक्यात गाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आमच्याकडे रेडिओ नव्हता. शेजारच्यांकडे होता. त्यांच्या खिडकीखाली बसून मी तांदूळ निवडायची. रेडिओवर एखादी बाई ख्याल गाऊ लागली की सुपातले खडे तांदळात तसेच राहायचे आणि जेवताना अण्णांच्या दाताखाली यायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. ते खडा ताटाच्या कडेला काढून ठेवत आणि काही बोलत नसत.

रेडिओपेक्षाही मला एका पुस्तकानं बिघडवलं, असं आई म्हणायची. वाचनालयातून आणलेलं, मुखपृष्ठ आणि पहिली पानं गेलेलं एक चरित्र. कुणा मागच्या पिढीतल्या गवयाचं. त्याला एकामागून एक गुरूंनी दारातून परत पाठवलं, गावात प्लेग आला, पुरात तंबोरा वाहून गेला, तरी गृहस्थ गातच राहिले. मी ते पुस्तक इतक्यांदा बदलून आणलं की ग्रंथपाल म्हणाले, "अगं, तूच ठेव आता घरी. इथे कोणी विचारत नाही त्याला." रात्री आई-अण्णा हलक्या आवाजात स्थळांविषयी बोलत तेव्हा मी त्या माणसाचा विचार करायची. त्याच्याकडे तर काहीच नव्हतं. माझ्या डोक्यावर निदान छप्पर होतं, आणि गळाही बरा होता. त्या विचारानं मला झोप लागायची. पुस्तकी वेड म्हणा हवं तर, पण मला त्याचा आधार होता.

तर कल्याणच्या एका म्हाताऱ्या बुवांनी माझं गाणं ऐकलं होतं आणि गुरुपौर्णिमेला गंडा बांधायचं कबूल केलं होतं. गंडा म्हणजे गुरूनं शिष्याच्या मनगटावर बांधायचा दोरा. गुरू तोंडात चणे-गूळ घालतो, पहिला सूर देतो, आणि तेव्हापासून तुम्ही त्याचे. बुवा लगेच पुढच्या आठवड्यात कल्याणचं बिऱ्हाड मोडून मुलीकडे इंदूरला जाणार होते. गंडा बांधला गेला तर ठाण्याला त्यांच्या जुन्या शिष्येकडे माझी तालीम सुरू होणार होती. तिचा शिरस्ता कडक. गंडा नाही तर शिकवणी नाही. शिवाय अण्णांनी मला शब्द दिला होता की गंडा बांधला गेला तर लग्नाचं दोन वर्षं नाव काढणार नाही. नाही बांधला गेला, तर तुळशीच्या लग्नानंतर माझं.

आणि नेमके तेव्हाच मोठे आजोबा अंथरुणाला खिळले. ते अण्णांचे थोरले चुलते. अण्णा त्यांना तात्या म्हणत. अण्णांचे वडील लहानपणीच गेलेले, तात्यांनीच त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, मुंज केली. आमच्याकडे भाऊबंदांतलं कोणी गेलं की दहा दिवस सुतक. देवपूजा नाही, मंगलकार्य नाही, गाणं-बजावणं तर मुळीच नाही. बुवांच्या घरी रोजची महादेवाची पूजा, ते सुतकी माणसाला उंबऱ्यात उभं करणार नाहीत. माझ्या पुस्तकातल्या गवयाला प्लेग होता, पूर होता, पण चुलत आजोबा नव्हते. या बाबतीत चरित्रकारानं मला साफ वाऱ्यावर सोडलं होतं.

एकच पळवाट होती आणि ती आईला माहीत होती. सुतक लागतं ते ऐकल्यावर. माणूस गेलं तरी बातमी कानावर येईपर्यंत तुम्ही मोकळे. म्हणूनच आमच्याकडे अशी बातमी घेऊन येणारा घरात पाऊल टाकत नाही. फाटकापाशी पायांत चपला तशाच ठेवून उभा राहतो, पाणी मागत नाही, तिथूनच सांगतो आणि परत फिरतो.

गुरुपौर्णिमेच्या सकाळी अण्णा न्हाणीत होते. मी नऊवारीचा काठ नीट करत होते, आई नारळ आणि उपरणं ताटात लावत होती. फाटकापाशी कोणी खाकरलं. विठ्ठलवाडीचे काका आले होते. हे अण्णांचे चुलतभाऊ, धाकट्या चुलत्यांचे. गावाकडची तार यायची ती त्यांच्या ऑफिसवर यायची. एरवी काका फाटकातूनच "वहिनी, चहा टाका" असं ओरडत यायचे. आज ते फाटकाला हात न लावता उभे राहिले. पायांत चपला होत्या आणि छत्री मिटलेली होती, भुरभुर पाऊस असूनही.

काकांनी तोंड उघडलं तशी आई धावली. माझी आई, जिनं दिरासमोर कधी मान वर केली नव्हती, तिनं दोन्ही तळहात कानांवर दाबले.

"भाऊजी, एक शब्द काढू नका."

"अहो वहिनी, पण दादाला..."

"काही नाही. पेरूखाली बसा. ती दोघं संध्याकाळी परत येतील, तेव्हा काय ते बोला. मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाही, त्यावरून समजा."

"हे बरं नव्हे. दादा मला जन्मभर बोल लावील."

"मला लावू देत," आई म्हणाली. कानांवरचे हात तिनं तेव्हाही काढले नव्हते.

काका पेरूखालच्या दगडावर बसले, आमच्याकडे पाठ करून. मला त्यांचा राग आला, मग मोठ्या आजोबांचा आला, आणि मग स्वतःची भीती वाटली. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं. आणि अण्णांना कळलं नव्हतं. आता ते बाहेर येणार, फाटकाकडे जाणार, आणि पेरूखाली चुलतभावाला पाहणार.

अण्णा आले. केस ओले, धुतलेलं धोतर. त्यांनी टोपी घातली, ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मागल्या दारानं जाऊ. खाचरातून स्टेशन जवळ पडतं."

आषाढात खाचरातून कोण जातं? बांध निसरडे, गुडघाभर चिखल. पण मला वाटलं, देवानंच बुद्धी दिली. अण्णांनी धोतर वर खोचलं आणि पुढे चालू लागले. एकदाही मागे पाहिलं नाही. मी मात्र सारखी मागे पाहत होते, काका हाक मारतील म्हणून.

गाडीत गर्दी नव्हती. सुटीचा दिवस होता. मला वाटलं, आता पार पडलं. तेवढ्यात ठाकुर्लीला आमच्या गावचे एक गृहस्थ डब्यात चढले. ते तिथल्या वीजघरात नोकरीला होते. अण्णांना पाहून ते थबकले.

"अरे, तुम्ही? आज? मला वाटलं, तुम्ही..."

पुढचं वाक्य मी त्यांना बोलू दिलं नाही. मी गायला लागले. भर डब्यात, ताट मांडीवर धरून, मोठ्यानं, बुवांना ऐकवायची होती तीच चीज. तेव्हाच्या काळात गाडीत भिकारणी गात, घरंदाज मुली नव्हे. समोरच्या बाईनं पदर तोंडाला लावला. एक म्हातारा म्हणाला, "काय जमाना आला." ते गृहस्थ उघडं तोंड घेऊन तसेच उभे राहिले. मी थांबले असते तर त्यांनी वाक्य पूर्ण केलं असतं, म्हणून मी श्वास घ्यायलासुद्धा घाबरत होते. ठाकुर्ली ते कल्याण मला इतकं लांब कधीच वाटलं नव्हतं. अण्णा आता संतापणार याची मला खात्री होती. ते खिडकीबाहेर बघत राहिले. कल्याण आल्यावर त्यांनी गृहस्थांना लांबूनच नमस्कार केला आणि माझ्या दंडाला धरून मला झपझप पुलावर नेलं.

बुवांच्या दारात आणखी एक परीक्षा होती. बुवा सोवळं नेसून बाहेर आले, आमचे चिखलानं भरलेले पाय पाहिले, पाण्याची बादली पुढे केली, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "घरी सोयरसुतक काही नाही ना?"

अण्णा खोटं बोलत नसत. दुकानदारानं चुकून जास्तीचा पैसा परत दिला तर तो परत करायला पावसातून जाणारा माणूस. पण मी मनाशी म्हटलं, यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नाही, यांचं उत्तर खरंच असणार.

"माझ्या कानावर काही आलेलं नाही," अण्णा म्हणाले.

बुवांनी मान हलवली आणि आम्हाला आत घेतलं.

गंडा बांधला. चणे कडक होते, गूळ चिकट. बुवांनी षड्ज दिला आणि म्हणाले, गा. माझा गळा गाडीतच तापला होता, आणि पोटातली भीती सगळी आवाजात उतरली. मी डोळे मिटून गायले. डोळे उघडले तेव्हा अण्णा रडत होते. खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड झाकून, गदगदून. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. बुवा खूश झाले. म्हणाले, "बापाला रडवलंस की गं. बरं आहे."

खरं सांगते, त्या क्षणी मी मोठे आजोबा, पेरूखालचे काका, सगळं विसरले. माझ्या पुस्तकातल्या गवयानं एका दरबारात गाऊन रागीट संस्थानिकाला रडवलं होतं, ते पान मला पाठ होतं. ते पान आता माझं झालं असं मला वाटलं. परतीच्या गाडीत मी मनगटावरचा दोरा पाहत बसले आणि अण्णा समोर बसून होते. त्यांना घरी जाऊन काय ऐकायचंय हे आठवलं की मला भरून येई, आणि पुन्हा दोऱ्याकडे लक्ष गेलं की आनंद होई. दोन्ही एकदम होतं.

डोंबिवलीला उतरल्यावर मी मागच्या वाटेकडे वळले. अण्णा म्हणाले, "आता पुढून जाऊ."

काका अजून पेरूखाली होते. दिवसभर भिजलेले, उपाशी. आई ओटीवर उभी होती. अण्णा फाटकाच्या बाहेरच थांबले आणि म्हणाले, "बोल."

"तात्या गेले, दादा. परवा पहाटे."

"हाल झाले?"

"नाही. झोपेतच." मग काकांचा दिवसभराचा राग बाहेर पडला. "सकाळीच आलो होतो मी. वहिनींनी तोंड उघडू दिलं नाही. तुम्ही तिकडे गंडे बांधताय, आणि इकडे..."

"पाहिलं मी तुला," अण्णा म्हणाले. "न्हाणीच्या झरोक्यातून. चपला काढल्या नव्हत्यास."

आईनं ओटीवरचा खांब धरला. मला आधी खाचरातला चिखल आठवला, मग गाडीतलं त्यांचं खिडकीबाहेर बघणं, मग बुवांच्या दारातलं ते एक वाक्य, अगदी तोलून-मापून उच्चारलेलं. ज्या माणसानं वाढवलं तो गेला हे पोटात ठेवून अण्णा सकाळपासून माझ्या पुढे चालत होते. मी गाडीत आरडाओरडा केला तो त्यांना काहीच कळू नये म्हणून, आणि त्यांनी तो करू दिला.

अण्णा विहिरीवर गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी बसले. मी आणि आईनं पोहरे ओढून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. आता मात्र ते मोठ्यानं रडले, तात्यांना हाक मारून, लहान पोरासारखे. काका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग अण्णा, बुवांकडे मी गात होते तेव्हा..."

त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू चांगली गायली असशील गं," ते म्हणाले. "पण मला एक सूर ऐकू आला नाही. सुतक फिटलं की पुन्हा म्हणशील?"

मी म्हटलं, म्हणेन.