भाता कोणी मारायचा

वर्षालीनं डूख धरला तेव्हा ती तिसरीत होती. तो सोडून द्यावा असं तिला कधी वाटलं नाही.

चिखलीतल्या तिच्या प्राथमिक शाळेत गुरुवारी पेटी शिकवायला उद्धवराव गुरुजी यायचे. निगडीहून बसनं येत, तास घेत आणि पुढच्या शाळेला निघून जात. शाळेला पेटी एकच. ती मारुतरावांनी दिलेली, आणि फळीवर त्यांचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं. मारुतराव गावचे जुने शेतकरी. शेतात शेड उभ्या राहिल्या तसे ते भाडेकरूंचे मालक झाले होते.

लहान पोरांचा डावा हात पेटीच्या मागच्या भात्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून गुरुजी जोडी लावायचे. एकानं पुढे बसून पट्ट्या दाबायच्या, दुसऱ्यानं समोर, पेटीच्या मागे बसून भाता मारायचा. जागा आलटून-पालटून बदलायची, असा नियम होता. मारुतरावांचा गणराज पुढे बसला तो पुढेच राहिला. वर्षाली पेटीच्या मागे बसली ती शाळा बदलेपर्यंत मागेच.

तिचा बाप बीडकडून आलेला, प्रेस शॉपमध्ये कामाला, मारुतरावांच्याच खोलीत भाड्यानं. तिनं घरी गाऱ्हाणं केलं तर म्हणाला, "बस की मागं. पेटी त्यांची, खोली त्यांची."

ती बसली. पण काम मन लावून केलं. भाता मारणं सोपं नाही. जोर जास्त झाला की सूर किंचाळतो, कमी पडला की मरतो. गणराज अडखळायचा, मध्येच थांबायचा, मग एकदम चार पट्ट्या दाबायचा. ती मागून वारा सांभाळून घ्यायची. तो वाजवतो असं वाटायचं ते तिच्या हातामुळे.

शाळेच्या संमेलनात गणराजला गुच्छ मिळाला. मारुतरावांनी तिच्या डोक्यात टपली मारली. "पोरी, पंखा झ्याक मारलास!" मांडव हसला. गणराज सगळ्यांत मोठ्यानं हसला. तेव्हापासून ती शाळेत 'पंखेवाली' झाली. नाव घेऊन तिला कोणी हाक मारेना.

पुढे ती चाकणला लागली, गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर. भजनी मंडळातल्या अंबूबाईंनी तिला त्यांच्या जुन्या पेटीवर बसू दिलं, नंतर ती पेटी घरीही नेऊ दिली. पण चाळीत रात्रपाळीची माणसं सकाळी झोपलेली असायची. आवाज केला की भिंतीवर थाप पडायची. मग वर्षाली भाता बंद ठेवून नुसत्या पट्ट्या दाबायची. सूर नाही, चूक ऐकू येत नाही. बोट चुकलं तर ते बोटालाच कळायला हवं. पुढे कळायलाही लागलं. कंपनीच्या बसची वेळ होईपर्यंत ती अशी मुकी पेटी वाजवत बसायची. संगीताच्या परीक्षा तिनं अशाच दिल्या. कंपनी सोडली, आणि आज या शाळेत, उद्या त्या शाळेत जाऊन पेटी शिकवू लागली. कोणी तिला काही ताटात वाढून दिलं नाही.

त्यातलीच एक शाळा इंग्रजी माध्यमाची, चिखलीच्या वेशीवर. तिथं शनिवारी तिचा तास. एकदा फाटकापाशी पांढरी मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून एक मुलगी उतरली. चालवणारा गणराज होता. पोट सुटलेलं, हसणं तेच. त्यानं वर्षालीकडे पाहिलं, 'नमस्कार मॅडम' म्हणाला आणि गेला. ओळखलं नाही.

मुलीचं नाव दुर्वा. वर्षालीनं तिला पहिल्याच दिवशी भात्यावर बसवलं. पुढे बसवली पूनमला. पूनम आरटीईतून आलेली, बाप सुरक्षारक्षक, राहायला गणराजच्याच चाळीत. पूनम घरी पुठ्ठ्यावर पट्ट्या काढून बोटं फिरवायची. दुर्वाकडे घरी कोरी पेटी होती, तिच्यावर कपडे वाळत असायचे. त्यामुळे वर्षालीकडे कारण होतं. पण कारण नसतं तरी तिनं हेच केलं असतं.

संमेलन जवळ आलं तसा गणराज वर्गात आला. मुख्याध्यापिका साधनाताई त्याच्या मागे.

"मॅडम, आमची दुर्वा मागं का बसतीय?"

"भात्यावर तिचा हात चांगला आहे."

"भात्याला कसला हात? वर-खाली, वर-खाली. हापशाचं काम हाय ते." तो हसला. "पाव्हण्यांना सांगून बसलोय. पोरगी पुढं पायजे. त्या रखवालदाराच्या पोरीला बसवा की मागं."

साधनाताई हळूच म्हणाल्या, "वर्षाली, एवढं करा. संस्थेत ओळखी आहेत त्यांच्या."

पूनम पेटीसमोर बसली होती. तिनं पट्ट्यांवरची बोटं काढून घेतली आणि उठायला लागली. तिला कोणी सांगावं लागलं नाही. ते उठणं वर्षालीला ओळखीचं होतं.

"बस तिथंच," वर्षाली म्हणाली. मग गणराजकडे वळली. "दुर्वा पुढे बसेल. पण पूनम मागे जाणार नाही, ती वेगळं वाजवेल. दुर्वाच्या भात्याला घरचं माणूस आणा."

"घरचं कोण?"

"तुम्हीच या. हापशाचंच तर काम आहे."

"आवो, मी पेटी वाजवलीय लहानपणी! याच गावात. टाळ्या पडल्यात."

"मग तर प्रश्नच मिटला. सरावाला येता?"

"त्याला काय सराव करायचा?"

वर्षालीनं आग्रह केला नाही. काय होणार ते तिला माहीत होतं.

संमेलनात आधी पूनम बसली, तिचा भाता वर्षालीनं स्वतः मारला. पूनमनं भूपातली सरगम एकही सूर न सोडता वाजवली. टाळ्या बेताच्या पडल्या. मग दुर्वा आली, आणि तिच्या मागे कडक इस्त्रीतला गणराज. मांडी घालताना त्याचे गुडघे वाकेनात, तिथंच लोक हसायला लागले. त्यानं भाता धरला आणि खरंच हापसा मारावा तसा मारला. पेटी किंचाळली. तो दचकून थांबला तर सूर मेला. दुर्वा माइकमधून म्हणाली, "पप्पा, हळू!" आणि लगेच, "पप्पा, थांबू नका ना!"

मांडव हशानं फुटला. गणराजच्या कानशिलावरून घाम निथळला, खांदा आखडला, हात बदलायला गेला तर पेटीच सरकली. वर्षाली कडेला उभी राहून एकेक घोट घेतल्यासारखं बघत होती. दुर्वाचा चेहरा पडला असता तर तिला ते जड गेलं असतं. पण दुर्वाही खिदळत होती.

आणि मग हसण्याचा रंग बदलला. कोणी ओरडलं, "गणूभाऊ, वाघ हाय तू!" बायका म्हणाल्या, लेकीसाठी बघा कसा बसलाय. मोबाइल वर झाले. गणराजनं ते पाहिलं, हात जोडले, आणि उभ्या मांडवाची टाळी घेतली. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गावभर फिरत होता, 'बाप असावा तर असा'. वर्षालीनं मारलेला दगड त्यानं हारासारखा गळ्यात घालून घेतला होता. ती आठवडाभर नीट जेवली नाही.

शनिवारी तो पेढे घेऊन आला. उजव्या हातानं डावा खांदा चोळत होता. "मॅडम, हात अजून वर होत न्हाई बघा."

"लहानपणी तुमचा भाता कोण मारायचं?"

"माझा? कोण न्हाई. मीच वाजवायचो की."

"मागे कोणी बसायचं नाही?"

"बसत आसंल कोणीतरी. भाडेकऱ्याची एक पोरगी होती वाटतं."

"ती मी."

गणराजनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "आयला... पंखेवाली?" त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विझलं. "लहान होतो हो आमी तेव्हा."

"मीही लहानच होते."

तो पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात करत राहिला. "मग आता काय, माफी मागू?"

"माफी नको." बाहेरून साधनाताई चालल्या होत्या. वर्षालीनं दारातून हाक मारली. "मॅडम, गणराजभाऊ दर शनिवारी मुलांचा भाता मारायला येणार आहेत. लोक एवढं कौतुक करतात, तर म्हणे चालूच ठेवतो."

"वा! थांबा, आत्ता पालकांच्या ग्रुपवर टाकते," साधनाताई म्हणाल्या, आणि टाकलंच.

गणराजनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला. एकामागून एक अंगठे, हात जोडलेले, 'वाघ'. त्याच्या बायकोचाही निरोप आला, अभिमान वाटतो म्हणून. त्यानं तोंड मिटलं.

पुढच्या शनिवारी तो साध्या शर्टात आला. दुर्वा धावत पुढे बसायला गेली.

"तू थांब. सराव केलास की बसायचं," वर्षाली म्हणाली. "पूनम, ये."

पूनम घरमालकाकडे बघून घुटमळली.

"ये, बस."

ती बसली. गणराज तिच्या समोर, पेटीच्या मागे बसला आणि भाता धरला. सूर किंचाळला.

"जोर नको. सारखा ठेवा. ती थांबली तरी तुम्ही थांबायचं नाही."

"व्हय मॅडम."

वर्षालीनं आपली खुर्ची उचलली आणि त्याचा चेहरा नीट दिसेल अशी ठेवली. पूनमनंतर शिपायाचा मुलगा बसला, मग भाजीच्या हातगाडीवाल्याची मुलगी. तास संपेपर्यंत वर्षालीनं भात्यावर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.