अप्पांचं पिवळं मीटर

मन्मथअप्पा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. येडशीत आमची गॅरेजं शेजारी-शेजारी. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची हयात गेली. त्यांच्याकडं वायरी तपासायचं एक पिवळं मीटर, माझ्याकडं नवाकोरा स्कॅनर आणि त्याहून मोठा तोरा...

बऱ्याच वर्षांपूर्वी सास्तूरच्या एका गुरुजींनी नवी गाडी घेतली होती. तुळजापूरला पूजेला निघताना मीच हौसेनं बंपरखाली लिंबू-मिरची बांधून दिली. महिन्याभरात गाडी चालता चालता बंद पडू लागली. स्कॅनर म्हणाला, इंजिनच्या कंप्युटरशी संपर्क नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, कंप्युटर गेला, नवा मागवा. गुरुजींचा चेहरा पडला.

अप्पा चहाचा कप घेऊन आले. "बोलत न्हाय म्हणून मेला व्हय रं? मधली वाट बिघडली आसंल." त्यांनी बॅटरीची वायर सोडली. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून शून्य येतंय का पाहिलं. ही त्यांची कायमची सवय. "आधी आपलं मीटर खरं बोलतंय का बघावं, मग दुसऱ्याचं उणं काढावं." गाडीतले सगळे छोटे कंप्युटर दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या तारांवर टोकं ठेवली. साठ ओहम, म्हणजे ठीक. मग मला बंपर हलवायला लावला आणि साठाचं एकदम शून्य झालं. खाली वाकून बघतो तर माझी लिंबू-मिरची! पडू नये म्हणून मी ती बाइंडिंग तारेनं वायरच्या जुडग्यालाच आवळली होती. धक्क्यांनी ती तार आत रुतून दोन्ही वायरी एकमेकींना चिकटवत होती. अप्पांनी तारेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, तार सोडवून खिशात टाकली, वायरींवर टेप गुंडाळली. "वायर घासली होती गुरुजी, झालं." गुरुजींनी जाताना माझेही आभार मानले. मी गप्प राहिलो, आणि त्यानंतरही कैक वर्षं.

दिवसकार्य झाल्यावर अप्पांच्या घरी काकूंनी पिशवीसकट मीटर हातात दिलं. "तुमच्यासाठीच ठिव म्हनले होते." पिशवीच्या तळाशी ती तार होती, तशीच पिळलेली. मला रडू आवरलं नाही. तिथूनच गुरुजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तर ते म्हणाले,

"ठाऊक हाय मला. अप्पांनी त्याच सांजेला सांगितलं होतं. म्हनले, पोरगं एक दिवस सोताहून सांगंल, तवर गाडी त्याच्याकडंच न्या."

आणि खरंच, इतकी वर्षं गुरुजी गाडी माझ्याकडंच आणत होते...

आता मीटर माझ्या टेबलावर असतं. गाडीला हात लावण्याआधी मी दोन टोकं टेकवतो आणि शून्य येईपर्यंत थांबतो.