वहीतलं बोट

बाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम कुठल्या तरी वहीत नाहीतर पुस्तकात अडकलेलं असायचं. चहा डाव्या हातानं, दाराची कडी डाव्या हातानं. प्रार्थनेला हात जोडले तरी मधे वही. खुणेला कागद घाला, असं कुणी सुचवलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "कागद घातला की माणूस विसरतो. बोट घातलं की परत यावंच लागतं."

मी बाईंच्याच शाळेत गणित शिकवायचो आणि असल्या खुळांचा मला मनस्वी राग यायचा. सातवीच्या मराठीच्या तासाला बाईंचे दोनच नियम होते. रोज पान लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. "चुकलं तर पुढं लिहा." परिणामी माझ्या तासाला पोरं चुकलेली बेरीजही खोडेनात. "पुढं लिहितो की सर," म्हणायची. आता तुम्हीच सांगा, बेरजेच्या पुढं काय लिहिणार?

त्या साली दुष्काळ होता आणि लातूर जिल्हा नवा होता. चाकूरकडचं आमचं गाव टँकरच्या वाटेवर सगळ्यात शेवटी. टँकरवाले चाचा मूळचे नांदेडचे. मनात आलं तर आमच्यापर्यंत यायचे, नाहीतर अलीकडच्या गावातच टाकी रिकामी करून परत फिरायचे.

एकदा ते आले तेव्हा बाई पाण्याच्या रांगेत उभ्या राहून मोठ्यानं गोष्ट वाचत होत्या. सातवीच्या पोरांनीच लिहिलेली, रोज एकानं एक पान. एक बकरी पाणी मागायला लातूरला कलेक्टरकडं निघाली आहे, एवढाच विषय. बकरी एसटीत चढली, कंडक्टरनं तिच्यापुढं अर्धं तिकीट धरलं, आणि बाईंनी बोट घालून वही मिटली.

"ऐसा कैसा बाई?" चाचा म्हणाले. "घेतलं का न्हाई तिनं तिकीट?"

"उद्या या. कळंल."

चाचा दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशी आले. महिनाभर एक खाडा नाही. बकरीनं कलेक्टरपुढं काय बोलावं यावरून पारावर दोन भावांची हमरीतुमरी झाली.

मग एका मुलीचा नंबर लागला. तिनं तीनच वाक्यं लिहिली. बकरी वाटेत विहिरीत पडली. कुणी तिला काढायला आलं नाही. गोष्ट संपली.

चाचांनी पाईप गुंडाळला. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी सरपंच पंचांसकट शाळेत हजर झाले. हातात रीतसर ठराव होता. सातवीच्या वहीतील बकरी तातडीने जिवंत करण्यात यावी, खाली सह्या आणि अंगठे.

"बाई, तीनच तर ओळी हायत. खोडून टाका. गाव तहानेनं मरून राह्यलं."

"खोडणार न्हाई."

माझ्या घरच्या रांजणातही गाळच उरला होता. मी आवाज चढवला. "बाई, माणसांचा जीव मोठा का तुमचा नियम?"

"तिनं खरं लिहिलंय, सर," बाई हळू म्हणाल्या. "तिच्या घरची बकरी मागच्या बाजारात इकली. चारा न्हाई म्हणून." मग त्या मुलीसमोर मांडी घालून बसल्या. "खोडू नको. तुला दिसतंय तसं पुढं लिही."

मुलगी बराच वेळ पेन्सिल चावत बसली. बाहेर गाव रिकाम्या घागरी घेऊन उभं. अखेर तिनं लिहिलं, 'पण विहिरीत पाणीच नव्हतं. म्हणून बकरी बुडाली नाही.'

सरपंच ठरावाची घडी करून खिशात घालत बाहेर गेले. मी गणिताचा माणूस, पण हे उत्तर मला जन्मात सुचलं नसतं.

बाई तशाच उठल्या. चाकूरला टँकर भरायचे तिथं आम्ही एसटीनं गेलो. तिकिटं मी काढली, त्यांचा हात अडकलेला होता. चाचा टँकरच्या सावलीत बसले होते. बाईंनी ती दोन वाक्यं वाचली. चाचांनी ती पुन्हा वाचायला लावली.

"फिर? वर कशी आली?"

"गावात चला. तिथं कळंल."

परत येताना आम्ही टँकरमध्ये पुढं बसून आलो.

पावसाळा लागला, टँकर बंद झाले आणि बाईंची मुखेडकडं बदली झाली. बकरी अजून लातूरच्या अलीकडंच होती. स्टँडवर मी त्यांची ट्रंक गाडीत चढवली. बाईंनी वही पुढं केली, बोट आतच.

"आधी तुमचं घाला, सर. मग मी माझं काढते."

मी घातलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून उजवा हात हलवला. तो हात मोकळा मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला भर स्टँडात रडू आलं.

बाई पुन्हा भेटल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात टँकर आला. चाचांनी रांगेत, व्हरांड्यात, वर्गात बाईंना शोधलं. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

"बसा सर," ते म्हणाले. "वाचा."