काळ्या झग्यातली सेवास्ती

विजेच्या सायकलवर बसणाऱ्या माणसांचा सेवास्तीला पहिल्यापासून तिटकारा. चढ चढायचा तर दम लागला पाहिजे, एवढंच तिचं साधं म्हणणं. ग्रीसमधल्या आंद्रोस बेटावरचं तिचं गाव डोंगराच्या ऐन खांद्यावर. बंदरापासून वर येणारा रस्ता असा की गाढवंसुद्धा मध्येच थांबून पुढे जावं की नाही याचा विचार करतात. त्या रस्त्यानं ही गुलाबी गालांची, घट्ट चड्ड्यांतली माणसं बटण दाबून वर येत आणि गड सर केल्यासारखे दोन्ही हात उंचावून फोटो काढून घेत.

"चढ बॅटरीनं चढला आणि फोटो यांचे," सेवास्ती म्हणे. "उद्या बॅटरी जेवेल आणि ढेकर हे देतील."

ही वरात वर आणायचा तो तिचाच भाचा, स्त्रातोस. थोरल्या भावाचा मुलगा. त्यानं आधी समुद्रकिनाऱ्यावर छत्र्या भाड्यानं देऊन पाहिल्या, त्या वाऱ्यानं नेल्या. मग शेळ्या पाळल्या, त्या शेजाऱ्यांच्या द्राक्षांनी माजल्या आणि शेजारी याच्यावर उलटले. मग बार काढला आणि गिऱ्हाइकांपेक्षा स्वतःच जास्त प्यायला. आता सायकली. आठवड्यातून तीनदा तो परदेशी पाहुण्यांना घेऊन निघायचा, झऱ्यावर पाणी पाजायचा, पडक्या पवनचक्कीपाशी थांबवायचा आणि शेवटी सेवास्तीच्या दारात आणून चीज खाऊ घालायचा. चीज सेवास्तीचं नव्हतंच. खालच्या दुकानातलं असायचं. वरचं कापड तेवढं तिच्या घरचं.

पण नुसत्या चीजनं भागेना. एक दिवस स्त्रातोस एक गाठोडं घेऊन आला. आत काळा झगा, काळा रुमाल आणि लोकर कातायची टकळी.

"आत्या, लोकांना बेटाचा आत्मा बघायचाय."

"तो खाली दुकानात मिळत नाही का? चीजच्या शेजारी?"

"तू फक्त हे घालून दारात बस. बोलायचं नाही काही."

"मेल्यावर तेच करायचंय. आत्तापासून सराव कशाला?" सेवास्तीनं झगा दोन बोटांत धरून उचलला. "आणि काळं कुणासाठी? माझा नवरा जिवंत आहे. तिकडे उत्तरेला कावाला शहरात तिसऱ्या बायकोचं डोकं खातोय."

खरं तेच होतं. सेवास्ती एकोणीस वर्षांची असताना या गावातून गेली ती थेट जर्मनीत, श्टुटगार्टला. तिथल्या कारखान्यात चाळीसेक वर्षं तिनं मोटारींचे बारीक भाग जोडले. तिथेच कावालाच्या एका देखण्या माणसाशी लग्न केलं आणि तो पगार दारूत बुडवतो असं दिसल्यावर त्याची बॅग जिन्यात नेऊन ठेवली. मूलबाळ नव्हतं. पेन्शन लागल्यावर ती गावी परतली, घराला पांढऱ्याशुभ्र फरशांचं न्हाणीघर बांधून घेतलं आणि पॅंट, स्वेटर घालून, जर्मन वर्तमानपत्र वाचत अंगणात बसू लागली. टकळी तिनं जन्मात हातात धरली नव्हती.

मग तिनं हो का म्हटलं? कुणी विचारलं तर ती म्हणायची, गाढव आहे माझा भाचा, पण भावाचं गाढव आहे. त्याच्या आतलं कारण मात्र ती जीभ तुटली तरी सांगती ना. हिवाळ्यात त्या गावात धूर निघणाऱ्या चिमण्या बोटांवर मोजाव्यात. स्त्रातोस सायकली घेऊन आला की निदान तिच्या हातची कॉफी प्यायचा, दोन उणीदुणी ऐकून घ्यायचा, ताजा पाव ठेवून जायचा. म्हणून तिनं झगा अंगात चढवला आणि आरशात बघून स्वतःलाच म्हणाली, "शाब्बास सेवास्ती. आता दात तेवढे काढून ठेव."

हातातली टकळी काही फिरेना. लोकर गुंतायची, गाठी व्हायच्या, टकळी घरंगळत अंगणभर जायची. पाहुणे तेवढ्यावरही खूश. गुडघ्यावर बसून, श्वास रोखून तिचे फोटो काढत.

समोर कॉफीच्या दुकानात झान्नीस बसलेला असे. हा म्हातारा जन्मभर बोटीवर होता, त्यामुळे स्त्रातोस पाहुण्यांना इंग्रजीत काय सांगतो ते त्याला कळायचं. पाहुणे गेले की तो काठी टेकत रस्ता ओलांडून यायचा.

"आज तुझा नवरा पुन्हा बुडाला," तो सांगायचा.

"कसा?"

"गेल्या खेपेला वादळात गेला होता. आज म्हणे मित्राला वाचवताना."

"त्याला मित्र होता?" सेवास्ती म्हणे. "आणि मी काय करते?"

"तू रोज संध्याकाळी समुद्राकडे बघत बसतेस. हे बेट सोडून तू कधी कुठे गेली नाहीस. एक बाई रडली आज."

"रडू दे. तेवढीच डोळ्यांना कसरत. पायांना तर नाहीच."

असा सगळा उन्हाळा गेला. सप्टेंबरात उत्तरेचा वारा पडला आणि एके सकाळी स्त्रातोसनं जर्मनांचा एक गट वर आणला. सगळे साठीच्या आसपासचे, चकचकीत हेल्मेटं घातलेले. त्यातली एक उंच बाई, गुड्रुन नावाची, सेवास्तीच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली आणि नवऱ्याशी बोलू लागली. पहिल्याच वाक्याला सेवास्तीच्या हातातली लोकर थांबली. नुसतं जर्मन नव्हे, श्टुटगार्टकडचं जर्मन. कारखान्याच्या फाटकावर, पावाच्या दुकानात, जिन्यात चाळीस वर्षं कानावर पडलेलं.

"बिचारी," गुड्रुन म्हणाली. "हिला लिहितावाचताही येत नसेल."

"पण सुखी असतात बघ ही माणसं," नवरा म्हणाला. "यांना काही लागतच नाही."

सेवास्तीनं भाच्याला न बोलायचा शब्द दिला होता. तिनं टकळीला एक गिरकी दिली आणि ती नेहमीप्रमाणे पडली. नवऱ्यानं चीजच्या ताटलीकडे हात नेला तसा गुड्रुननं तो धरला.

"नको खाऊ. हात तरी धुतलेत की नाही, कुणास ठाऊक."

सेवास्तीनं लोकर बाजूला ठेवली.

"हात धुतलेत बाई," ती त्याच बोलीत, त्याच ठसक्यात म्हणाली. "आणि धुणं-पुसणं मला तुम्ही नका शिकवू. तुमच्या श्टुटगार्टला आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असायची. माझ्या पाळीला त्या जिन्यावर जेवण वाढलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या लोकांच्या पाळीला कोपऱ्यात माती राहायची आणि तक्रार माझ्या नावानं जायची, कारण माती म्हटली की परदेशी बाईचीच असणार."

गुड्रुननं नवऱ्याचा हात सोडला.

"वाचताही येतं. घटस्फोटाचे कागद मीच वाचले होते, वकिलानं घातलेल्या दोन चुका काढल्या होत्या. आणि लागण्याचं म्हणाल, तर खूप काही लागतं. दवाखाना लागतो, तो खाली बंदरावर आहे. हिवाळ्यात बस लागते, ती येत नाही. सुखी वगैरे कुणी नाही इथे. तुम्ही येता तेव्हा आम्ही बसलेले असतो, एवढंच."

स्त्रातोसला जर्मनचा गंध नव्हता. तो पांढराफटक पडून जवळ आला. "आत्या, काय म्हणालीस तू त्यांना?"

"चीज ताजं आहे म्हणाले."

सेवास्तीला वाटलं होतं की ही बाई आता खाली मान घालून सायकलवर बसेल. गुड्रुनचा चेहरा क्षणभर लालबुंद झालाही. पण मग तिच्या नवऱ्याला हसू फुटलं, त्याच्यामागे दुसऱ्याला, आणि बघता बघता सगळा गट हसत, टाळ्या पिटत सेवास्तीभोवती गोळा झाला. कुठे राहत होतात, कुठल्या कारखान्यात होतात, अमुक चौकातलं तमुक दुकान आठवतं का. गुड्रुननं तर तिला मिठी मारली आणि फोटोसाठी गालाला गाल लावला. जिथे लाज वाटायची तिथे त्यांना मजा वाटली, आणि एवढ्या लवकर त्यांनी स्वतःला माफ करून टाकलं की सेवास्तीला मिठीतून सुटायलाही सुचलं नाही. चीज मात्र सगळं संपलं.

स्त्रातोस त्यानंतर काही दिवस फिरकला नाही. आला तो मोबाइल नाचवतच.

"आत्या, काय लिहिलंय लोकांनी! म्हणे, सहलीतला सगळ्यात सुंदर क्षण. आता आपण हेच करायचं. दर वेळी. तू आधी गप्प बसायचं, त्यांना काहीतरी बोलू द्यायचं, मग एकदम जर्मन."

"आधी मुडदा केलास, आता पोपट."

"यात खोटं काही नाही की. तू खरंच जर्मनीत होतीस."

"खरं आहे म्हणून तर जास्त टोचतंय," सेवास्ती म्हणाली. तरीही पुढच्या खेपेला ती झगा घालून बसली. आपल्याला पुन्हा एकदा कुणाला तरी झापायचंय हे तिच्या ध्यानात आलं आणि स्वतःचीच किळस आली. त्यात ती माणसं निघाली चांगली. कुणी बिचारी म्हणेना, कुणी हात हुंगेना. एका पोरीनं तर मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये आभार मानून पडलेली टकळी उचलून दिली. मागून स्त्रातोस खाणाखुणा करत होता, बोल, बोल म्हणून. सेवास्ती अपमानाची वाट बघत बसली होती आणि अपमान काही येईना.

पाहुणे गेल्यावर तिनं झगा काढून त्याच्या अंगावर फेकला.

"पुढच्या वेळी वरचा रस्ता मी दाखवीन. सायकलवर बसून. माझ्या कपड्यांत."

"तुला सायकल येते?"

"तू जन्मायच्या आधीपासून. पहाटेच्या पाळीला मी नदीकाठानं सायकलनंच जायचे."

पुढचा गट ऑस्ट्रियातला होता, म्हणजे भाषेची अडचण नव्हती. विजेच्या सायकलवर सेवास्ती पहिल्यांदाच बसली. पेडल मारलं की यंत्र मागून ढकलायचं. बसमध्ये अंगचटीला येणाऱ्या पुरुषासारखं, असं ती म्हणाली. पण ती चढ चढली, आणि गट तिच्यामागे.

पवनचक्कीपाशी स्त्रातोस एक प्रेमकहाणी सांगायचा. सेवास्ती म्हणाली, "इथे काही घडलेलं नाही. गिरणीवाला पिठात माती मिसळायचा." कप्तानाच्या बंद हवेलीपाशी म्हणाली, "वारस कोर्टात भांडतायत. निकाल लागेपर्यंत छप्पर पडेल." डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांपाशी सगळ्यांनी मोबाइल काढले. "ह्या भिंती भुकेनं बांधल्यात," सेवास्ती म्हणाली. "एवढ्याशा तुकड्यावर माझी आई जव पेरायची. आता काटे उगवतात आणि तुम्ही त्यांचे फोटो काढता."

एक टकला गृहस्थ सगळ्यांना सांगत होता की तो यंत्राची मदत कमीत कमी घेतोय. सेवास्तीनं त्याच्या हॅंडलवरचा मदतीचा आकडा सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला. तो सगळ्यात वरचा होता.

दोघंतिघं मात्र शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिले, भिंतींबद्दल विचारत राहिले. बाकीच्यांनी तोंडं लांब केली. एक बाई स्त्रातोसला म्हणाली की आम्ही सुट्टीवर आलोय. नंतर कुणीतरी लिहिलं, डोंगर सुंदर, म्हातारी कडवट.

"आत्या, खरं खपत नाही गं," स्त्रातोस कपाळ धरून म्हणाला.

"मग खोटं तरी नीट विक. नवरा दर वेळी एकाच पद्धतीनं बुडव. लोक एकमेकांना सांगतात, गाढवा."

स्त्रातोसनं शेजारच्या गावातून मारूसोला आणलं. मारूसो खरीखुरी विधवा, टकळी तिच्या बोटांवर भिंगरीसारखी फिरायची, आणि ती बेट सोडून खरंच कुठे गेली नव्हती. तिला हे काम फार आवडलं. स्त्रातोसनं न सांगताच ती योग्य जागी डोळे पुसायची. सेवास्तीनं आपलं अंगण तिला दिलं आणि त्या बदल्यात एक सायकल स्वतःकडे ठेवून घेतली. शनिवारी ती लाल हेल्मेट घालून बंदरावर जायची, मासे आणि वर्तमानपत्र घेऊन वर यायची, आणि पाहुण्यांच्या गर्दीतून घंटी वाजवत सरळ आत शिरायची.

एकदा झान्नीस हसत हसत रस्ता ओलांडून आला.

"स्त्रातोस तुझ्याबद्दल काय सांगतो, ठाऊक आहे? म्हणे, ही एक जर्मन बाई. बेटाच्या प्रेमात पडून इथेच राहिली."

सेवास्तीनं मासे साफ करायची सुरी थांबवली.

"राग आला?" झान्नीसनं विचारलं.

"तिथे चाळीस वर्षं घासली, तेव्हा एकानं मला जर्मन म्हटलं नाही," ती म्हणाली. "ह्यानं फुकटात करून टाकलं." आणि पुन्हा खवले काढू लागली.

पाहुणे उतरून गेले की मारूसो रुमाल काढून स्वयंपाकघरात यायची. सेवास्ती बटाटे आणि सॉसेज घालून जाड ऑम्लेट करायची. स्त्रातोसही सायकली लावून टेबलाशी बसायचा.

"मीठ कमी आहे," मारूसो म्हणायची.

"तू दिवसभर रडतेस, तुला नाही जाणवायचं," सेवास्ती म्हणायची आणि स्त्रातोसच्या ताटात मोठा तुकडा आदळायची. "खा. पुढच्या शनिवारी लवकर ये. मागचा ब्रेक कुरकुरतोय."