घंटेवाला मेल्याशिवाय टीव्ही निघणार नाही

मुलगा हॉस्टेलला गेला आणि त्याचा टीव्हीला जोडलेला गेमचा डबा घरीच राहिला. "आई, इसको हाथ मत लगाना," असं जाताना बजावून गेला. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच. हात लावू नको म्हटलं की मला हात लावावाच लागतो, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

खेळ सुरू केला तर डोंगरावरचं ओसाड गाव, सगळीकडे धुकं, आणि त्या धुक्यात गळ्यात घंटा बांधलेला एक धिप्पाड राक्षस. आधी घंटा ऐकू येते. तो दिसतो तेव्हा आपलं काही खरं नसतं. मेलं की पुन्हा वेशीवरून सुरुवात, आणि मारलेली भुतं पुन्हा उठून उभी. मला त्या खेळाचा मनस्वी राग आला. पण दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेले आणि मी पडदे ओढून पुन्हा बसले.

बाहेर चंदीगडचं हिवाळी ऊन, क्वार्टरसमोरच्या पार्कात बायका मटार सोलत बसलेल्या. शेजारच्या पंजाबी भाभीजी हाक मारायच्या, "धूप में आओ जी, अंदर सारा दिन क्या करते हो?" भुतं मारते, असं मी खरंच सांगितलं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एकीने नाक मुरडलं, "या वयात?" या वयात नाही तर काय डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यावर खेळू?

राग कधी ओसरला ते कळलं नाही. तो खेळ मला भाव देत नव्हता, पण खोटं कौतुकही करत नव्हता. चुकलीस, मर. जमलं, जा पुढे. इतकं सरळ माझ्याशी बऱ्याच वर्षांत कोणी वागलं नव्हतं. मी त्याच्या प्रेमातच पडले.

मुलगा सुट्टीत आला तेव्हा मागे उभा राहून बघत होता. खेळातली माझी थैली बंदुकीच्या गोळ्यांनी, औषधांनी गच्च, आणि मी गंजक्या कोयत्याने घंटेवाल्याशी झुंजत होते. "आई यार, ये सब किसके लिए बचा रही हो?"

"पुढे लागेल," तोंडातून आपसूक निघालं.

बदलीच्या नोकरीवर संसार केलेल्या बाईचं हे वाक्य. चांगल्या कपबशा पुढच्या गावासाठी, नवे पडदे पुढच्या क्वार्टरची मापं घेऊन. पुढे लागेल म्हणत मी मात्र मागे अर्धवट राहत गेले. नागपुरात पेटी शिकणं अर्धं सुटलं, भोपाळला बी.एड. अर्धं. दर वेळी ऑर्डर आली आणि मी निमूट खोकी भरली.

यंदाही आली. आमच्याकडे सगळ्यात आधी टीव्ही बांधतात, त्याच्या मूळ खोक्यात. खोकं घेऊन हे आले तशी मी म्हटलं, "घंटेवाला मेल्याशिवाय टीव्ही निघणार नाही." हे हसले. मी हसले नाही.

ट्रक आला. पलंग गेला, कपाट गेलं, बसले होते तो सोफाही उचलला. मी फरशीवर मांडी घातली. हमाल वळसा घालून जात होते. घंटा वाजली. या खेपेला मी काहीच राखलं नाही. सगळ्या गोळ्या झाडल्या, होतं नव्हतं ते औषध प्याले, आणि रिकाम्या थैलीने त्याच्या अंगावर चालून गेले. तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हमालांसमोर मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

रिकामं खोकं धरून हे ताटकळत उभे होते. "झालं ना? संपला एकदाचा?"

पडद्यावर राक्षसाच्या मागचा दरवाजा उघडला होता, आणि पलीकडे रस्ता दिसत होता.

"संपला कुठे, अहो. निम्मा राहिलाय," मी म्हटलं. "तिकडे पोचल्यावर आधी हेच खोकं उघडायचं. स्वयंपाकघराचं नंतर बघू."