पळणारा कुत्रा आणि पिशवीतला कुत्रा

मी एकदा नवऱ्यासाठी कुत्रा निवडायला गेले आणि नवऱ्याकडे पाहिलंच नाही, जावेच्या तोंडाकडे पाहत राहिले. तेव्हाची ती पंचावन्न वर्षांची पोरगी, म्हणजे मीच, आज समोर आली तर तिच्या पाठीत धपाटा घालीन.

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, पण उजव्या हाताची पकड गेली आणि पाय ओढू लागला. जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, नाहीतर आहे तो पायही जाईल. आमचं घर असोद्याला. दाराबाहेर पडलं की केळीच्या बागेची वाट. पण जन्मभर त्या वाटेनं ताठ मानेनं गेलेला माणूस आता लंगडत कसा जाणार? हे खाटेवर बसून भिंतीकडे पाहत राहायचे. धुळ्याला दिलेली लेक म्हणाली, "आई, एखादं कुत्रं आणा. त्याच्या निमित्तानं बाबा उंबरठा तरी ओलांडतील."

गाडी करून धुळ्याला गेलो. धाकटी जाऊही सोबत आली, सल्ला द्यायला. लेकीच्या शेजारणीकडे एक पांढरं पामेरियन होतं, वेचायचं राहून गेलेल्या कापसाच्या बोंडाएवढं. ह्यांनी ते डाव्या हातात घेतलं. त्यानं अंगठा चाटला, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हे हसले. म्हणाले, "मले हेच बरं वाटते."

ह्यांना सगळे भाऊ म्हणतात. जाऊ माझ्या कानाशी लागली, "ताई, भाऊंच्या ओट्यावर हा उंदीर बसवता का?"

झालं! मी उठले आणि सगळ्यांना गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडे घेऊन गेले. त्याच्याकडे कारवानी होता, शिकारी जातीचा कुत्रा. लांब तोंड, कमरेत आवळलेला, उभा राहिला तर माझ्या कमरेला लागेल. शेतकरी साधा माणूस. त्यानं स्पष्ट सांगितलं, "हाऊ पयनारा शे, अक्का. याले बांधी ठेवू नका." पळणारा आहे, एवढंच तो सांगत होता. मला ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. मला दिसत होता आमचा ओटा, ओट्यावर हा कुत्रा आणि समोर तोंडात बोट घातलेलं असोदं.

असोद्यानं तोंडात बोट घातलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना तयार केलं, टोपी घातली. पकड नाही, पट्टा हातातून सुटेल, म्हणून मी काय करावं? पट्ट्याचं टोक ह्यांच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधलं आणि वर गाठ मारली. गाय बांधताना मारतात तशी, न सुटणारी. वर मीच म्हणाले, "आता कसा सुटतो बघू!"

तो सुटला नाही, खरंच. केळीतून ससा निघाला, कुत्रा त्याच्यामागे आणि हे कुत्र्यामागे. मी पोचले तेव्हा हे पाण्याच्या दांडात आडवे पडले होते, पायाला ठिबकची नळी गुंडाळलेली, टोपी चिखलात. कुत्रा शेजारी उभा, शेपूट पायात. मी त्याला शिव्या घातल्या. लेकीला फोन लावून घातल्या, जावयाला घातल्या, ठिबकवाल्यांच्या सात पिढ्यांना घातल्या. ती गाठ मारणाऱ्या बाईला तेवढं काही बोलले नाही.

हे पुन्हा खाटेवर. कुत्रा अंगणातल्या कडुनिंबाला. आणि लोक यायचे त्याचे फोटो काढायला! "काय रुबाब आहे वो अक्का!" अजूनही ते शब्द आठवले की माझं डोकं सणकतं. कसला रुबाब? ज्यानं पळायचं तो झाडाला बांधलेला, ज्यानं चालायचं तो भिंतीकडे तोंड करून बसलेला, आणि मी मधे उभी राहून फोटोवाल्यांना चहा पाजतेय! एकानं तरी विचारावं की भाऊ कसे आहेत? नाही. सगळे कुत्र्याची छाती मोजत होते.

शेवटी एका सकाळी मीच जावयाला गाडी आणायला सांगितली. कारवानी शेतकऱ्याकडे परत सोडला. पट्टा काढल्याबरोबर तो माळावरून असा सुटला की मला माझीच लाज वाटली. शेजारणीचं बोंड अजून कुणी नेलं नव्हतं. जावयानं गाडीनं सोडतो म्हटलं, पण मला जगाचाच राग आलेला. एसटीनं निघाले, ते पिशवीत घेऊन. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवीत काय?" म्हटलं, "लोकर." लोकर भुंकली. तो म्हणाला, "मावशी, स्वेटर विणताना सांभाळून."

असोद्यात तर लोकांना ऊतच आला. "अक्का, वाघ गेला अन् उंदीर आला का?" मी म्हणायचे, तुमच्या पोटात दुखतं का? पण खरं सांगते, मलाही त्या बोंडाचा राग यायचा. हे त्याला घेऊन बागेत जायला लागले, ते बरं झालं. पण ते कुत्रं चार पावलं चाललं की बसायचं, हे पण थांबायचे. पुन्हा चार पावलं, पुन्हा बैठक. वाटेनं जाणाऱ्याला हे सांगायचे, "याले दम लागला." मी मागच्या दारातून बघून चरफडायचे. डॉक्टर म्हणतात चाला, आणि हे रिकामटेकडं कुत्रं माणसाला चालू देईना!

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आमची खान्देशची देवी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू काढायचे, त्याच्या पिठाचे रोट करायचे, अशी रीत. मी सुपात मुठी टाकत होते. हे ओट्यावरून आत आले, काठीशिवाय, बोंड मागोमाग. सुपाकडे पाहून म्हणाले, "याच्या नावानं पण एक टाक."

माझा तोल गेला. म्हटलं, "अहो, जन्मभर या जात्यावर मी दळलं, माझ्या नावाची मूठ कधी कुणी टाकली नाही. आणि कुत्र्याची टाकू? केलं काय हो यानं? चार पावलं धड चालता येत नाही त्याला!"

हे खाली वाकले, डाव्या हातानं त्याला उचललं आणि दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहून हळूच म्हणाले, "त्याले काही दम लागत नाही वं. मले लागते. वाघ घेऊन थांबलो असतो, तर लोकायले काय सांगितलं असतं?"