बुधवारचा लाइनो

आमच्या मुलीच्या कॉलेजचं मैदान उतारावर होतं. बॉल सारखा खालच्या कोपऱ्यात जायचा, पाणीही तिथेच साठायचं, आणि कार पार्क जवळ म्हणून मी नेमकी त्याच कोपऱ्यात उभी असायची. तिच्या कॉलेजचे सगळे हिवाळे मी तिथे काढले. फुटबॉलची मला आवड नाही, तेव्हाही नव्हती. बावीस मुली चिखलात एकमेकींच्या नडग्या फोडतात आणि वर सॉरी म्हणतात, एवढंच मला त्यातलं कळायचं.

इथे इंग्लंडमध्ये कॉलेजांचे सामने बुधवारी दुपारी असतात. त्या दुपारी लेक्चर ठेवत नाहीत. आमचं कॉलेज लीड्सपासून तासाभरावर, मेंढ्यांच्या कुरणांना लागून. शेतकी आणि जनावरांचे अभ्यासक्रम, बाकी फारसं काही नाही. मुलींची टीम उत्तर विभागाच्या खालून दुसऱ्या गटात खेळायची. त्या गटात सगळी अशीच कॉलेजं, ज्यांची नावं सांगितली की लोक 'कुठे आलं हे?' असं विचारतात. एकमेकांकडे मिनीबसने जायचं, हरायचं किंवा बरोबरी करायची, आणि येताना पेट्रोल पंपावर सँडविच खायचं. बघायला येणारे म्हणजे कुणाचा तरी बॉयफ्रेंड, कुणाचा तरी कुत्रा आणि आम्ही दोघं.

आम्ही का जायला लागलो ते सांगायला हवं. मुलगी हुशार होती. ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, उत्तम ग्रेड मिळाल्या आणि तिने जाहीर केलं की मला व्हेटरिनरी नर्स व्हायचंय. पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन आला, "म्हणजे जनावरांची नर्स?" मी म्हटलं, "हो, माणसांपेक्षा बरी." नवरा मात्र काही बोलला नाही. तो हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता, आयुष्यभर डॉक्टरांच्या सह्यांखाली काम केलेला. मुलगी डॉक्टर व्हावी असं त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि त्याचाच तर त्रास होता. बोलला असता तर ती भांडली असती, दोघं मोकळे झाले असते. त्याऐवजी घरात हीटिंग, कार इन्शुरन्स आणि 'दूध संपलंय' एवढीच बोलणी उरली.

पहिल्या टर्ममध्ये ती टीममध्ये निवडली गेली. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडून बचाव करणारी. मी म्हटलं, जाऊ या बघायला. तो कसाबसा तयार झाला. ती फोनवर म्हणाली, "आई, तू ये, पण बाबांना नको आणू. ते ऑकवर्ड होतात." मी अर्थात आणलंच.

रेफरी एकच यायचा. रेषेवर झेंडा धरून उभं राहायला प्रत्येक टीमने आपला एक माणूस द्यायचा, असा त्या खालच्या गटांमधला रिवाज. पोरी त्याला 'लाइनो' म्हणायच्या. एका बुधवारी आमच्याकडे झेंडा धरायला कोणीच नव्हतं. कॅप्टन, एक धिप्पाड, लाल गालांची मुलगी, सरळ माझ्या नवऱ्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही धराल का? प्लीज?" त्याने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतेय का म्हणून.

पुढच्या बुधवारपर्यंत त्याने ऑफसाइडचा नियम पाठ केला होता. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे गोलकीपर, चमचे म्हणजे डिफेंडर. गोल मारणारी शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढे असली तर गोल बाद, पण बॉल खेळला त्या क्षणी. बॉल पोचला त्या क्षणी नाही, हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की मी चमचे उचलून धुवायला टाकले. मुलीला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूहळू तिला ते आवडायला लागलं. सामना संपला की ती चिखलाचे बूट पिशवीत कोंबून आमच्या गाडीत मागे बसायची, फॉइलमधली थालीपीठं खायची, आणि दोघं बोलायचे. "बाबा, ती सेकंड हाफमधला, तो ऑफसाइड होता ना?" "नव्हता. तुझा उजवा पाय मागे राहिला होता, तू लाइन मोडलीस." लिंग-वचन तिचं कधी जमलं नाही, पण इतकं मराठी ती बापाशी त्यापूर्वी बोलली नव्हती. मी पुढच्या सीटवर बसून काच पुसायची आणि गप्प राहायची. मधे बोललं की हे थांबेल अशी भीती वाटायची.

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल एक सांगते. ते सातारा जिल्ह्यात एका शाळेचे हेडमास्तर होते आणि स्वतःच्या मुलाच्या वर्गाला गणित शिकवायचे. वर्गात एखादं गणित अर्धवट बरोबर असलं तर इतर मुलांना अर्धे मार्क, आणि याला शून्य. मास्तरांनी पोराला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा बैठकीत ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली गेली, घराण्याचा गुण म्हणून. सगळे हसले, मीही हसले. नवरा खाली बघून पोहे खात होता.

तिच्या शेवटच्या वर्षीचा शेवटचा सामना. जिंकलो तर गटात राहणार, नाहीतर खाली. आणि खालच्या गटात आसपासचं एकही कॉलेज नव्हतं, म्हणजे टीमच बंद. हे सगळ्या मुलींना माहीत होतं. आमच्या मुलीने तोवर एकही गोल केला नव्हता. लेफ्ट बॅकने करायचाही नसतो म्हणतात. पण त्या दिवशी शेवटी शेवटी सगळ्याच पुढे धावल्या. कॉर्नर झाला, बॉल बाहेर आला, कुणीतरी तो परत उंच आत टाकला, आणि दोन-तीन जणींच्या गर्दीतून आमच्या पोरीचा पाय, पाय कसला, नडगी लागली आणि बॉल जाळ्यात.

ती कशी ओरडली ते मी सांगू शकत नाही. मुली तिच्या अंगावर पडल्या. मी थर्मासचं झाकण हातात घेऊन उड्या मारत होते, या वयात, चिखलात. मग रेफरीची शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी रेषेकडे बघितलं. तिथे माझा नवरा झेंडा वर करून उभा होता. हात अगदी सरळ, कोपरात जराही वाक नाही.

ती ऑफसाइड होती की नव्हती, मला माहीत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. लाल गालांची कॅप्टन धावत त्याच्याकडे गेली आणि किंचाळली, "तुम्ही आमचे आहात!" त्याने झेंडा खाली घेतला नाही. बरोबरीत सामना संपला. समोरच्या टीमच्या कोचने मुद्दाम मैदान ओलांडून येऊन त्याचा हात हातात घेतला, "यू आर ॲन ऑनेस्ट मॅन, सर," आणि तो लाजून हसला. ते हसणं पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या पोरी चिखलात बसून रडतायत आणि याला परक्याची शाबासकी गोड लागतेय.

त्या दिवशी ती आमच्या गाडीत बसली नाही. मिनीबसजवळ मी डबा घेऊन गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "माझी पहिली गोल होती, आई." डबा घेतला नाही. घरी येताना मी नवऱ्याला लागेल ते बोलले. लग्नानंतर वर्षभर मी त्याला अहो म्हणत होते, या देशात आल्यावर ते कधी गळून पडलं कळलं नाही. त्या दिवशी गळून पडलंय याचं बरं वाटलं. तो म्हणाला, "जे आहे ते आहे." मी म्हटलं, "मोठा आला हरिश्चंद्र."

पुढचं सगळं शांतपणे झालं, म्हणूनच ते वाईट. तिला लंडनजवळ इल्फर्डला एका प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली. रविवारी फोन करते, मलाच. बाबा कसे आहेत विचारते, मी बरे आहेत सांगते. दिवाळीला शिफ्ट होती. ख्रिसमसला पण शिफ्ट होती. तो फोन चालू असताना दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून बसतो. कधी फोन मागत नाही, ती कधी द्यायला सांगत नाही.

मुलींची टीम बंद झाली. हा रिटायर झाला आणि तरीही बुधवारी जातच राहिला. कॉलेजने विचारलं, मुलांच्या सेकंड टीमला लाइनो हवाय. ही टीम मुलींहून वाईट. पाच-पाच गोल खातात. मी सोबत जाते, कारण त्याला एकट्याला तिथे उभं असलेलं मनात आणवत नाही. गाडीत बसून राहते. पावसात तो रेषेवर पुढे-मागे पळत असतो, आता गुडघा दुखतो तरी, आणि कोणालाही त्याचं नाव माहीत नाही. काही काही बुधवारी मला त्याची इतकी कीव येते की राग उरत नाही. मग घरी येतो आणि ओले मोजे रेडिएटरवर टाकतो, आणि राग परत येतो.

या फेब्रुवारीत एका सामन्यात आमच्या मुलांनी चक्क एक गोल केला. समोरचे सगळे हात वर करून ऑफसाइड ऑफसाइड ओरडले. नवऱ्याने झेंडा खालीच ठेवला. गोल दिला गेला. त्यांचा कोच त्याला नको नको ते बोलला, आणि हा रेनकोटमध्ये मान घालून उभा राहिला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "तो मुलगा ऑफसाइड होता वाटतं."

"असेल. मला नीट दिसलं नाही. मधे दोघं आले."

"मग?"

"मग काय? नक्की दिसलं नाही तर झेंडा वर करायचा नसतो. संशयाचा फायदा गोल मारणाऱ्याला."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो चष्मा पुसत होता.

"आणि तिच्या वेळी दिसलं होतं?" मी विचारलं.

त्याने चष्मा घातला, किल्ली फिरवली, आणि गाडी तशीच चालू ठेवून बसून राहिला.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हाही मधे दोघी आल्या होत्या."

"मग का वर केलास?"

"ती आपली होती ना," तो म्हणाला. जणू काही मी विचारायलाच नको होतं.

मला रडू आलं. त्याच्यासाठी, तिच्यासाठी, त्या हेडमास्तरांच्या वर्गात शून्य घेऊन बसलेल्या मुलासाठी. आणि खरं सांगायचं तर आशाही वाटली. मला वाटलं, हे तिला कळलं की सुटेल सगळं. कदाचित ती ऑनसाइड होती. बापाला दिसलंच नव्हतं, तो घाबरला, एवढंच. घाबरलेल्या माणसाला माफ करता येतं.

रविवारी तिचा फोन आला तेव्हा ती खुशीत होती. एका मांजरीच्या ऑपरेशनचं सांगत होती. मी हळू आवाजात तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.

ती म्हणाली, "त्यांनी बघितलंच नव्हतं?"

"नाही गं. म्हणून तर सांगतेय."

"आई, आय थॉट ही सॉ इट. मला राग होता, पण मी विचार करायची की त्यांनी बघितलं, सो त्यांना करायला लागलं. बाबा तसेच आहेत. आय वॉज सॉर्ट ऑफ प्राउड." तिचा आवाज अगदी सरळ होता. "दुसरी कोणी मुलगी असती तर?"

खोटं बोलायला अजून वेळ होता. पण बापाच्या बाबतीत तिला कोणीतरी खरं सांगायला हवं असं मला वाटलं.

"तर नसता केला," मी म्हटलं.

"ओके," ती म्हणाली. मग, "मी ईस्टरला येणार होते. ट्रेन पण बघितली होती. तुम्हाला सरप्राइज."

"मग ये ना गं."

"नको आता, आई. आत्ता नको."

फोन ठेवल्यावर मी तशीच बसले. दुसऱ्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय म्हणते?"

"बरी आहे."

"ईस्टरचं काही बोलली?"

"नाही," मी म्हटलं.